आईची काळी पाच

आमच्या घरात दही लागत नसे. लोणच्याची बरणी नव्हती, चिंच नव्हती, आणि कैरीच्या दिवसांत सगळ्या कॉलनीत तिखटमीठ लावलेल्या फोडींची ताटली फिरायची ती आमच्या दारापाशी आली की न थांबता पुढे जायची. कारण आईचा गळा. घरात माणसं तीनच, आई, दादा म्हणजे माझे वडील, आणि मी. पण सगळं चालायचं त्या चौथ्याच्या तब्येतीने. त्याला थंड चालत नसे, तळलेलं चालत नसे, पंखा दोनच्या वर चालत नसे. भर मे महिन्यात, नाशिकच्या सातपूरमधल्या त्या पत्र्याच्या छपराखाली आम्ही तिघं घामाने निथळत बसायचो आणि पंखा दोनवर. माठातलं पाणी मी प्यायचं, पण आईसमोर नाही, तिला मोह होतो म्हणून. आमटी कायम सपक. दादा कंपनीत टर्नर होते. ते कॅन्टीनमध्ये लिंबाचं लोणचं खातात हे मला त्यांच्या शर्टावरच्या पिवळट डागावरून कळलं होतं, आणि तो डाग आईच्या दृष्टीस पडायच्या आत साबण चोळून घालवायचं काम माझं. आईला फसवायची सवय मला अशी फार लहानपणापासून होती, असं आता म्हणावं लागतं.

आई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्या पायाशी साड्यांचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात जुन्या चादरीत गुंडाळलेली पेटी. यंत्राची खडखड दिवसभर, पण त्याआधी पहाटे साडेचारला तिचा रियाज. पेटी मांडीपाशी घ्यायची, डाव्या हाताने भाता हलवायचा, उजव्या हाताचं एक बोट काळी पाचवर ठेवायचं आणि सा लावायचा. ज्यांना पेटीशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी सांगते: काळ्या पट्ट्यांमधली ती पाचवी. गाणाऱ्याने आपला सा जिथे धरला तिथून त्याचं सगळं गाणं वर चढतं, म्हणून सा जितका उंच तितकी पुढची चढण अवघड. आईचा सा काळी पाचात. ‘माझी काळी पाच’ हे ती असं सांगायची, जसं दुसरं कुणी आपलं माहेर कुठलं ते सांगेल. साडेपाचला नळ यायचा, सबंध चाळीत बादल्यांचा कल्लोळ उठायचा आणि आमचा रियाज तिथे संपायचा. शेजारच्या जाधवकाकू नळावर म्हणायच्या, “तुझ्या आईला सांग गं, एकदा तरी आम्हाला सहापर्यंत झोपू दे.” मी ते आईला कधी सांगितलं नाही. आईला न सांगितलेल्या गोष्टींची यादी तेव्हाच बरीच लांब झाली होती.

मी पेटी शिकले ती कॉलनीतल्या भजनी मंडळात, आणि सोळाव्या वर्षी आईच्या साथीला बसले. आई गायची कुठे, तर जिथे बोलावतील तिथे. गणपती मंडळांचे दहा दिवस, नवरात्राचे नऊ, संक्रांतीची हळदीकुंकवं, कुणाची वास्तुशांत, कुणाची एकसष्टी. ऐन तरुणपणी म्हणे ती शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात दोनदा गायली होती. त्या दोन वेळांनंतर तिसरी वेळ आली नाही, आणि तिने छोट्या जागाच इतक्या मनावर घेतल्या की एखाद्या पतपेढीच्या वार्षिक सभेआधीची पंधरा मिनिटंसुद्धा ती महिनाभर घोकायची. तिथे संयोजक येऊन सांगायचे, “ताई, पाहुणे येईपर्यंत म्हणत राहा. पाहुणे आले की मी हात वर करतो, तेव्हा थांबा.” आई मान डोलवायची. मग ती अभंगाच्या शेवटच्या चढावर पोचली की नेमका तो हात वर जायचा. सिन्नरला एका मंगल कार्यालयात साखरपुड्याचं गाणं होतं. तिथे आम्हाला जिलबीच्या कढईशेजारी बसवलं होतं, आणि अर्ध्या तासात आईला धुराने ठसका लागला. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा सा लावला. कुणाला कळलंही नाही की गाणं थांबलं होतं आणि पुन्हा सुरू झालं. मी रागाने लाल व्हायची. आई म्हणायची, “ऐकणारा एक असतोच. तो कुठे बसलाय ते आपल्याला दिसत नाही, एवढंच.” मी पन्नास-पन्नास चेहरे तपासायची त्या एकासाठी.

आजही तपासते, खोटं कशाला बोलू. आईच्या तेव्हाच्या वयापेक्षा मी आता बरीच पुढे गेले आहे, आणि माझीही मैफल त्याच जागांवर चालू आहे: कुठलं ज्येष्ठांचं सभागृह, कुठलं सोसायटीचं पार्किंग. परवा इंदिरानगरला एक तरुण संयोजक मला म्हणाला, “मॅडम, पेटी जरा डावीकडे घेता का? मागच्या बॅनरवरचं नाव झाकतंय.” मी वळून पाहिलं. माझ्या डोक्यामागे केटररचं नाव होतं. मी पेटी डावीकडे घेतली. एवढ्या वर्षांत शिकले काय, तर पेटी न चिडता डावीकडे घ्यायला. तेही पूर्ण खरं नाही, चिडले होतेच.

आईने पन्नाशी ओलांडली होती. मी तिला उशिरा झालेली. एका नवरात्रात पाचव्या माळेला, आमच्याच कॉलनीच्या मांडवात, तिचा वरचा गंधार फाटला. साडीचा काठ ओढताना टर्रकन उसवावा तसा. क्षणभरच. तिने लगेच सावरलं, खाली उतरली आणि दुसऱ्या वेळी तिथे गेलीच नाही. घरी आल्यावर मिठाच्या गुळण्या केल्या, दुपारच्या केळ्याला दोष दिला, मांडवातल्या धुळीला दिला, आणि शेवटी दादांना, त्यांनी परवा पंखा तीनवर केला होता म्हणून. सातव्या माळेला पुन्हा तसंच झालं. त्यानंतर दसरा उलटला, आणि सिन्नरच्या एका वास्तुशांतीला मी ते पहिल्यांदा केलं.

आमचे तबल्याचे गांगुर्डेकाका शाळेत शिपाई होते. बोलणं कमी, हात गोड. आई यजमानीणबाईंशी बोलत होती तेव्हा ते तबला लावायला बसले आणि मला म्हणाले, “सूर दे गं.” मी काळी पाच सोडून तिच्या एक घर खालची, पांढरी सहा दाबली. त्यांची हातोडी हवेत थांबली. माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे हातवारे करत बोलणाऱ्या आईकडे पाहिलं. “आज ही?” त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, “आज ही.” “बरं,” म्हणाले आणि तबला उतरवला. आई येऊन बसली, नेहमीसारखे डोळे मिटले, पेटीने दिलेला सा घेतला आणि गायला लागली. गाताना ती डोळे उघडत नसे, आणि तानपुरा असली चैन आमच्याकडे नव्हती. सूर द्यायला एक पेटी, आणि पेटीवर मी. त्या दिवशी वरचा गंधार असा लागला की यजमानांच्या म्हाताऱ्या वडिलांनी गुडघ्यावर थाप मारली.

परतीच्या बसमध्ये आई फुलून गेली होती. “बघितलंस ना? घरी पहाटे नरडं धरल्यासारखं होतं आणि बैठकीत बसलं की आपोआप खुलतं. समोर माणसं लागतात, नंदा. गळ्याला कळतं माणसं आहेत ते.” मी खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटलं, एकदा झालं, पुरे. पण एकदाच कसं होणार? पुढच्या वेळी काळी पाच दिली असती तर गंधार फाटला असता आणि तिने विचारलं असतं, गेल्या वेळी कसा लागला? म्हणून पुढच्या वेळीही पांढरी सहा. उन्हाळा आला तसा तिथेही आवाज ओढायला लागला, तेव्हा आणखी एक घर खाली, काळी चार. गांगुर्डेकाकांनी या वेळी ‘आज ही?’ असंही विचारलं नाही.

इकडे घरात आईने रियाज वाढवला. पहाटे स्वतःच्या बोटाने खरी काळी पाच दाबायची आणि तिथे धडका द्यायची. फाटलं की पुन्हा, फाटलं की पुन्हा. अंथरुणात पडल्या पडल्या मी ते ऐकत असे आणि तोंडावर चादर ओढून घेत असे. मग दिवसा ती कुणालाही सांगायची, फॉल लावायला साडी घेऊन आलेल्या बाईलासुद्धा, की घरचा रियाज ही कुस्तीची तालीम, तिथे अंग मोडून घ्यायचं असतं. एका रविवारी आई बाजारात गेली असताना मी दादांना सगळं सांगून टाकलं. दादा शर्टाचं बटण लावत होते. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. “ठाऊक आहे,” म्हणाले, “कॉलनीतल्या मांडवात मीही बसलो होतो. मला सूर कळत नाही, पण तुझं तोंड कळतं.” मी विचारलं, “मग सांगू का तिला?” ते बराच वेळ त्याच बटणाशी खेळत राहिले. “तिला दुसरं काय आहे?” एवढंच बोलून चपला घालून निघून गेले. मला त्यांचा राग आला. या घरात मोठं कोण आहे, असं ओरडून विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

असं दीड वर्ष गेलं. मग घोटीचं बोलावणं आलं. तिथल्या एका भातगिरणीवाल्या कुटुंबाने बाजारपेठेत देवळाला लागून सभागृह बांधलं होतं आणि उद्‍घाटनाच्या दिवशी दुपारी चारला भक्तिगीतं ठेवली होती. दीड तास सबंध आईचा. पाहुणे आले तरी थांबायचं नाही, असं पत्रात लिहिलं होतं, आणि ते वाक्य आईने दादांना दोनदा वाचून दाखवलं. त्या दिवशी सकाळी गांगुर्डेकाकांच्या शेजारचे गृहस्थ सांगत आले, काकांना ताप भरलाय, उठवत नाही. आई मला घेऊन तशीच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन करायला गेली. घोटीकर म्हणाले, काळजी करू नका, इथे आमचे रामभाऊ आहेत, चांगला तबला वाजवतात. आई फोनमध्ये मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून म्हणाली, “त्यांना सांगा, काळी पाचात लावून ठेवा. काळी पाच. हो, पाच.” मी तिच्या बाजूला उभी होते. साबणाच्या वड्यांच्या रांगेकडे बघत.

बसमध्ये मी ठरवलं, सांगायचं. विल्होळी गेलं, वाडीवऱ्हे गेलं, माझं तोंड उघडेना. आई थर्मासमधून कोमट पाण्याचे घोट घेत होती, मध्येच गुणगुणत होती. शेवटी म्हटलं, “आई, आज हवा दमट आहे. पट्टी जरा खाली घेऊ या का?” “खाली?” ती हसली, “का गं, म्हातारी झाले का मी? घरी म्हणाली असतीस तर ऐकलं असतं. बैठकीत नाही.” तिने डोकं खिडकीला टेकलं आणि डोळे मिटले. आणखी एक वाक्य बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. ते वाक्य मी आजवर बऱ्याच प्रकारे रचून पाहिलं आहे. एकही नीट बसत नाही.

सभागृह नवं होतं, ओल्या चुन्याचा वास अजून गेला नव्हता, आणि पलीकडून गिरणीची घरघर येत होती. ती काही उद्‍घाटनासाठी बंद ठेवली नव्हती. सतरंज्यांवर बायका-पुरुष येऊन बसत होते. मी रामभाऊंना शोधत होते. मनात एवढंच, की ते भेटले की बाजूला घ्यायचं आणि हात जोडून म्हणायचं, तबला दोन घरं उतरवा, आणि बोलू नका. पण रामभाऊ बाजार समितीत मापारी, धान्याची मापं टाकणारे. त्यांचं काम संपेना. ते आले तेव्हा आई मंचावर बसली होती, माइक चालू झाला होता, निवेदकाने नाव घेऊन टाकलं होतं. साठीचा उंच माणूस, टोपीवर कोंड्याची धूळ. घाईने नमस्कार करून बसले. आईने डोळे मिटले आणि म्हणाली, “नंदा, सूर.” बोट कुठे ठेवायचं ते ठरवायला मला एका श्वासाएवढा वेळ होता. ते काळी चारवर गेलं. सवयीने गेलं म्हणू, की भीतीने.

रामभाऊंनी तबल्यावर एक टिचकी मारली. मग दुसरी. मग ते पुढे वाकले आणि, माइक समोर आहे याचं भान नसलेल्या माणसाच्या सरळपणाने म्हणाले, “ताई, काळी पाच सांगितली व्हती ना तुम्ही? म्या सकाळीच पाचात लावून ठेवलाय. ही पेटी तर चारात बोलतीय.”

आई डोळे न उघडताच हसली. “नाही हो रामभाऊ, पाचच आहे. तबला चढला असेल तुमचा.”

“तबल्याचं म्या बघतो,” रामभाऊ म्हणाले, “तुम्ही पेटीकडं बघा की.”

आईने डोळे उघडले. ती माझ्याकडे वळली आणि माझ्या चेहऱ्याकडे न पाहता पेटीवर वाकून माझ्या बोटाकडे पाहू लागली. बोट काळी चारवर होतं. भाता चालू होता, सूर चालू होता. मी बोट उचललं नाही. मला वाटतं, त्या क्षणी मला सुटल्यासारखं झालं होतं, आणि त्याची लाज अजून वाटते. आई किती वेळ तशी वाकून होती कोण जाणे. समोरच्या लोकांना वाटलं वाद्यं लावताहेत.

“काळी पाच दे,” आई म्हणाली. माइकमधून तो आवाज सबंध सभागृहात गेला.

मी काळी पाच दिली. त्यानंतर दीड तास आई काळी पाचात गायली. पहिल्या अभंगाला गंधार फाटला. तिने तो सोडून दिला नाही, पुन्हा घेतला, आणि तो पुन्हा फाटला. दुसऱ्या गाण्यात पंचमापाशीच आवाज चिरकला. मी तिच्या बाजूने सूर भरत होते, पेटीचा आवाज वाढवून फाटलेलं झाकायला बघत होते, तर तिने हाताने मला खूण केली, खाली. पेटी खाली. तिला ते ऐकायचं होतं. माझ्या पेटीशिवाय, स्वतःचं, जसं होतं तसं. मी समोर पाहिलं. दोघी बायका लहान मुलाचं झबलं बदलत होत्या. एक गृहस्थ भिंतीवरच्या कोनशिलेवरची नावं वाचत होते. मागे कुणीतरी चहाच्या कपांचा ट्रे आणला आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर यजमान मंचावर चढले, आईच्या गळ्यात हार घालून फोटो काढून उतरले. आई गातच होती. तिचा आवाज आठ-दहा वेळा तरी फाटला असेल. एकाही माणसाच्या कपाळावर आठी पडली नाही. फक्त रामभाऊ. प्रत्येक वेळी त्यांची मान किंचित खाली जायची आणि ठेका जरा हलका व्हायचा. तो ऐकणारा एक शेवटी मला सापडला होता, आणि तो नेमका त्या दिवशी नसता तर बरं झालं असतं.

गाणं संपलं आणि टाळ्या पडल्या. भरपूर. सिन्नरला पडल्या होत्या तेवढ्याच, नवरात्रात पडतात तेवढ्याच. यजमानीणबाई पुढे आल्या, आईचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “काय गोड गळा हो ताई! कॅसेट का काढत नाही तुम्ही?” आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ही आता काहीतरी बोलणार. ती म्हणाली, “जेवायला कुठे बसायचं?” पंगतीत घरच्या गिरणीचा वाफाळता भात होता, आमटी, बटाट्याची भाजी. वाढपी लोणचं घेऊन आला. मी सवयीने माझ्या आणि तिच्या, दोघींच्या पानांवर हात आडवा धरला. आईने माझा हात बाजूला केला. “वाढा,” म्हणाली. कैरीचं लोणचं होतं, लाल तेलात बुडालेलं. तिने ते भाताबरोबर खाल्लं, पुन्हा मागून घेतलं, आणि वर ताकाची वाटी प्यायली. रामभाऊ समोरच्या ओळीत होते. जेवून उठताना ते आईपाशी येऊन थांबले. “ताई, माझं चुकलं का काय?” म्हणाले. आई म्हणाली, “नाही. तुमचा तबला बरोबर होता.”

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मग रस्त्याकडेच पाहत विचारलं, “कधीपासून?”

“दीड वर्ष.”

“गांगुर्डे?”

“त्यांना माहीत आहे.”

“आणि हे?” हे म्हणजे दादा. मी मान खाली घातली. “म्हणजे एक मी सोडून सगळ्यांना,” आई म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता; बोलताना नुसती हवा येत होती. “मी बायांना सांगत फिरले गं. बैठकीत गळा खुलतो म्हणून. साड्या घेऊन आलेल्या बायांना सांगत होते.”

“आई, तुला वाईट वाटेल म्हणून—”

“वाईट वाटलं असतं,” ती म्हणाली. “मग मी काळी चारात गायले असते. माझी मी. मोठमोठे गवईसुद्धा उतरतात खाली. मला काय कळत नव्हतं? तू मला उतरायला दिलं नाहीस. उचलून खाली ठेवलंस, लहान पोराला ठेवतात तसं.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि आज पाहिलंस ना त्यांना? चारात गाणं झालं तरी तेवढ्याच टाळ्या, पाचात फाटलं तरी तेवढ्याच. मी साडेचारला उठते कशाला मग? जाधवबाईंची झोप मोडायला?” म्हणजे तेही तिला ठाऊक होतं.

मी रडले, माफी मागितली. तिने मला जवळ घेतलं नाही आणि रागावलीही नाही. पुढच्याच आठवड्यात तिने पंचवटीतले एक पेटीवाले ठरवले आणि तबल्यालाही दुसरा माणूस. घरात माझ्याशी नेहमीसारखी बोलायची, जेवायला वाढायची, केस विंचरायची. पण पेटीला मी बसत नसे. घरात दही लागायला लागलं. दादांनी पहिल्या दिवशी त्या वाटीकडे नुसतं पाहिलं आणि हात लावला नाही. पहाटेचा रियाज मात्र थांबला नाही, आणि काळी पाचही हलली नाही. मला वाटलं होतं, आता कळलंय तर ती खाली येईल. तिने ते केलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कधी वाटतं माझ्यावरच्या रागाने, कधी वाटतं त्या टाळ्यांवरच्या. गांगुर्डेकाका, तेही माझ्यासारखेच काढून टाकलेले, एके दिवशी आले आणि म्हणाले, “घरी बसून काय करतेस? चल, सिडकोतल्या एका मंडळाला पेटी हवी आहे.” माझं म्हणून जे काही वाजवणं सुरू झालं ते असं, आईने नको म्हटल्यावर. लोक विचारतात तुमचे गुरू कोण, मी आईचं नाव घेते, आणि पुढचं सांगत नाही.

माझं लग्न झालं, मी सिन्नरला राहायला गेले. आई गातच होती. बोलावणी कमी झाली, जागा आणखी छोट्या झाल्या. एकदा आमच्या सिन्नरलाच, एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर तिचं गाणं आहे असं मला फळ्यावरच्या खडूने कळलं. तिने कळवलं नव्हतं. मी गेले आणि शेवटच्या ओळीत बसले. दुपारची वेळ, तीसेक माणसं, खाली बसस्टँडवरच्या घोषणा ऐकू येत होत्या. पंचवटीचे पेटीवाले छताकडे बघत काळी पाच वाजवत होते आणि आई डोळे मिटून गात होती. वरचा गंधार एकदा फाटला, दुसऱ्यांदा फाटला. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, “कोण हो या? छान म्हणतात.” तिसऱ्या वेळी आई तिथे गेली तेव्हा माझी बोटं पदराखाली आपोआप हलली, आणि मी ती मुठीत आवळून धरली.

गाणं संपल्यावर लोक चहाकडे वळले. मी पुढे गेले. आई थर्मासचं झाकण लावत होती. मला पाहून दचकली नाही. “कुठे होतीस बसलेली?” तिने विचारलं.

“मागे.”

तिने पिशवी माझ्या हातात दिली. जिना उतरताना, माझ्या खांद्याचा आधार घेत, एक पायरी उतरून ती थांबली आणि मला विचारलं, “कसं झालं?” आजवर तिने मला हे कधी विचारलं नव्हतं.

माझ्या तोंडाशी ‘छान’ आलं होतं. मी म्हटलं, “गंधार लागला नाही, आई.”

“हं. दोनदा.”

“तीनदा.”

ती पुढची पायरी उतरली, मग त्याच्या पुढची. “तिसरा मला वाटलं लागला,” म्हणाली.

“नाही लागला.”

“बरं,” आई म्हणाली. खाली रस्त्यावर आलो तेव्हा नाशिकची बस उभी होती. तिने माझ्या हातातून पिशवी घेतली, बसमध्ये चढली, खिडकीशी बसली, आणि गाडी हलेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. पेटीला ये, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.